एल्फांच्या सरदाराचं मूळ गाव

आटपाट सोसायटी होती. इंदिरानगरात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कायम बंद. तिथे एक आजी होती, म्हणजे मी. माझी नात मुक्ता होती. आणि मुक्ताच्या कादंबरीत अरुवेल नावाचा एल्फांचा सरदार होता. त्याचे आईबाप कोण, हे खुद्द मुक्तालाही ठाऊक नव्हतं!

या सरदाराचे किस्से आमच्याकडे साठत गेले. जुन्या साड्या साठतात तसे, कुणी मुद्दाम ठेवत नाही, पण कपाट उघडलं की अंगावर येतात. मी सांगते, मुक्ता टाइप करते. खोटं वाटलं तर तिला विचारा.

*

दर रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये तिघं जमायची. मुक्ता लिहिणारी. घोटीचा नीलेश चित्रं काढणारा. प्रज्ञा बँकेत क्लार्क, ती मुक्ताच्या चुका काढणारी. चहा माझा.

पहिल्याच रविवारी मी विचारलं, "एल्फ म्हणजे कोण गं?"

"आजी, रानात राहतात. टोकदार कान. शेकडो वर्षं जगतात."

"म्हणजे यक्षांच्या भावकीतले! मग तुझ्या सरदाराचं कूळ कोणतं?"

मुक्ता म्हणाली, "तेच सुचत नाही. एक दिवस तो झाडांच्या कडेला उभा दिसला, आणि सगळ्यांनी त्याला सरदार मानलं."

"असं कोण मानतं? आमच्याकडे भाडेकरू ठेवायचा तरी आधार कार्ड मागतात!"

सगळे हसले. मुक्ता नाही हसली.

*

प्रज्ञा म्हणाली, "नदीतून जन्मला असं लिही. सोप्पं."

मुक्ताने लिहिलं, प्रिंट काढली, सगळे कागद फाइलमध्ये घालून लोखंडी कपाटात ठेवले. पुढच्या रविवारी फाइल उघडली. वरचे कागद कोरडे, खालचे कोरडे. मधलं ते नदीचं एकच पान ओलं! अक्षरं वाहून गेलेली आणि पानाला शेवाळाचा वास.

"पाइप लीक असेल," प्रज्ञा म्हणाली.

मी म्हटलं, "बाई, त्या भिंतीत पाइपच नाही."

प्रज्ञाने नदी रद्द केली. त्या दिवशी चहासुद्धा अर्धाच प्यायली.

*

मग नीलेशने सरदाराचं चित्र काढलं. उंच, गालफडं बसलेली, छातीवर सात शिरांचं एक पान. ते पान नीलेशच्या डोक्यातलं. चित्र घेऊन तो घोटीला गेला आणि आईला दाखवलं. ती भात लावून आली होती, हात पुसत तिने नुसतं पाहिलं.

"ह्यो? ह्यो तर परवा आपल्या बांधावर उभा व्हता!"

"आई, हा खोटा माणूस हाय. मी काढलाय."

"खोटा कसा? त्याने पानी मागितलं, म्या दिलं. लय थंड हात. इचारलं, बाबा, कुठला रं तू? तर म्हनला, ते तुम्हीच सांगा."

नीलेशने आम्हाला हे हसत हसत सांगितलं. पण तेव्हापासून चित्र घरी न्यायचं त्याने बंद केलं. आमच्याच शोकेसमध्ये ठेवलं. वा रे वा!

*

त्यात प्रकाशकांचा फोन. मुक्ताने स्पीकरवर टाकला.

"मॅडम, बाकी सगळं फर्स्ट क्लास! पण हा आला कुठून? वाचकाला सरदाराचं मूळ लागतं. ते प्रकरण दसऱ्यापर्यंत द्या, नाहीतर हे पुस्तक आपण सोडून देऊ."

सहा वर्षांचं काम पोरीचं! ती रोज लिहायची आणि रोज फाडायची. एका दुपारी मी मेथी निवडत होते. ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, ज्याला स्वतःचं मूळ माहीत नाही, त्याचं मी काय लिहू?"

माझा हात थांबला. कारण ती सरदाराचं बोलत नव्हती.

माझ्या मुलाने आणि सुनेने मुक्ताला अनाथाश्रमातून आणलं, तेव्हा ती आठ महिन्यांची होती. पंचवटीत आमच्या गुरुजींकडे घराण्याच्या वंशावळीचं बाड आहे. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की पान काढतात. आपण घरातली नवी नावं सांगायची आणि खाली स्वतःच्या हाताने सही करायची. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. पण आमचे हे म्हणाले, "पोर घरात राहू दे. बाडात नाव नको. रक्त कुठलं, ठाऊक नाही."

मी गप्प बसले. हे गेले, त्यालाही नऊ वर्षं झाली. माझं ते गप्प बसणं अजून गेलेलं नाही.

*

आता शेवटचा किस्सा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुक्ताला म्हटलं, "रिक्षा बोलाव. तुझ्या सरदाराला बाडात घालून येऊ."

"आजी! तो पुस्तकातला आहे!"

"असू दे. कुणी नाही ना त्याला? आपण दत्तक घेऊ."

गुरुजींनी विचारलं, "नाव?" मी म्हटलं, "अरुवेल." "मूळ गाव?" "रान." गुरुजींनी चष्मा काढला. "आजी, चाळीस वर्षं हे काम करतोय. कादंबरीतला माणूस लिहायला कोणी आलं नव्हतं!"

"आमच्या पानावर लिहा. येवल्याजवळचं गाव. आणि आधी माझ्या नातीचं नाव लिहा. ते राहिलंय."

हे बोलताना मी मुक्ताकडे पाहिलं नाही.

गुरुजींनी पेटी उघडली, बाडाचं फडकं सोडलं, पान काढलं आणि म्हणाले, "नातीचं लिहिलेलं आहे की."

मला वाचता येत नाही. मुक्ता वाकली आणि तिने वाचलं. "मुक्ता. या घरची नात." आमच्या ह्यांच्या सहीच्या बरोब्बर खाली. आणि सही करायच्या जागी नाव नव्हतं. सात शिरांचं एक पान काढलेलं होतं.

"हे कोणी लिहिलं?" मुक्ताने विचारलं.

गुरुजी आठवत राहिले. "श्रावणात एक जण आला होता. उंच. म्हणाला, एक नाव राहिलंय. गाव, आडनाव, पणजोबांपर्यंत सगळं बरोबर सांगितलं. मला वाटलं घरचाच. लिहून झाल्यावर मी विचारलं, आपण कुठले? तर तो म्हणाला..."

"ते तुम्हीच सांगा," मुक्ता म्हणाली.

गुरुजींच्या हातातलं फडकं खाली पडलं. "तुला कसं कळलं?"

मुक्ताने पेन मागून घेतलं. आपल्या नावाखाली लिहिलं, "अरुवेल. याच घरचा." आणि सही केली. आमचं आडनाव लावून, पहिल्यांदा! एरवी तिची सही नुसती 'मुक्ता'.

प्रकरण तिने घाटाच्या पायरीवर बसूनच लिहिलं, एकटाकी. ते ना भिजलं, ना फाटलं. दिवाळीत पुस्तकांचं खोकं दारात आलं. माझा मुलगा ते उचलून आत आणताना रडत होता. सून पेढे वाटत खालच्या मजल्यापर्यंत गेली. सरदाराचं मूळ गाव म्हणून पुस्तकात आमचंच गाव छापलंय.

त्या दुपारी मी उंबऱ्याबाहेर पाण्याचा भरलेला तांब्या ठेवला. मुक्ता हसली.

चहा होईस्तोवर तांब्या रिकामा होता.