डोकं दुखतंय म्हणाली तेव्हा

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी बोडिल म्हणाली, "डोकं फार दुखतंय रे." तिचा नवरा वेर्नर दारात बूट चढवत होता. तो म्हणाला, "गोळी घे आणि पड जरा." आणि गेला. लेमविग गावाहून होल्स्टेब्रो शहराला जाणारी सकाळची बस तो एकोणीस वर्षं चालवत होता. त्याच्यामुळे ती कधी उशिरा सुटली नव्हती. दुपारी घरी आला तेव्हा बोडिल स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता. होल्स्टेब्रोच्या इस्पितळात दोन दिवस यंत्रावर ठेवली, तिसऱ्या दिवशी सगळं संपलं.

दफनानंतर कॉफीला माणसं जमली, तेव्हा बोडिलच्या बहिणीने विचारलं, "तिला आधी काही त्रास होत होता का? काही बोलली होती का ती?"

"नाही," वेर्नर म्हणाला. "काहीच नाही."

आठव्या दिवशी तो डेपोत हजर. तिथली प्रमुख कर्स्टन म्हणाली, "अरे, राहा की अजून थोडे दिवस घरी."

"घरी राहून काय करू? भिंतींशी बोलू?"

मग कुणाला सुट्टी हवी असली की वेर्नर त्याची पाळी घ्यायचा. शनिवार, रविवार, ईस्टरसुद्धा. बसमध्ये त्याला बरं वाटायचं. थांबा आला, दार उघड, दार मीट, निघ. एवढंच. हाल सुरू व्हायचे ते घरी. त्या सकाळी बोडिलने मशीनला कपडे लावले होते. ते चार दिवस तसेच आत राहिले. वेर्नरने झाकण उघडलं तर कुबट वास आला आणि वरच तिचा निळा ब्लाउज. तो बाहेर काढायला त्याचा हात धजावेना. साबण टाकून त्याने मशीन पुन्हा लावलं. पण वाळत कोण घालणार? दोन-तीन दिवसांनी पुन्हा वास, पुन्हा मशीन. एप्रिल संपत आला तरी हेच चाललं होतं.

जेवण म्हणजे ओट्यापाशी उभ्या उभ्या खाल्लेला काळ्या पावाचा तुकडा. पुढे तोही नको वाटायला लागला, नुसती बिअर उरली. झोप खुर्चीतच, तीही तुकड्यातुकड्यांनी. डोळा लागला की ते वाक्य कानात यायचं. गोळी घे आणि पड जरा. गोळी घे आणि पड जरा. रिकामी बस डेपोला परत नेताना समोरून मालट्रक आला की त्याला वाटायचं, चाक एवढंसं वळवलं तर सुटलो. मग ट्रकवाल्याचा चेहरा दिसायचा आणि तो दोन्ही हातांनी चाक आवळून धरायचा. घरी पोचेस्तोवर बोटं दुखायची.

मे महिन्यात मुलगी आली, सिग्ने. ती ऑलबोर्गला असते. वेर्नर कामावरून परतला तर मागच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत घातलेले, मधोमध निळा ब्लाउज.

"कुणी सांगितलं तुला याला हात लावायला?"

"बाबा, याचा रंग गेलाय. किती वेळा धुतलास तू हा?"

"तुला काय करायचंय! महिन्या-दोन महिन्यांनी येणार, कबरीवर फुलं ठेवणार आणि सुटणार. तुझं बरंय!"

सिग्नेचा चेहरा पांढराफटक पडला. ती कॉफी न घेताच गाडीत बसली आणि निघून गेली. वेर्नरने तिला अडवलं नाही.

दोन दिवसांनी, सोमवारी, बसमध्ये अकरा माणसं होती. त्यांत काठी टेकत येणाऱ्या ओस्टरगॉरबाई होत्या, त्या दर सोमवारी बहिणीकडे जायच्या. त्यांनी घंटी दाबली. बस थांबली नाही. पुन्हा दाबली.

"वेर्नर! अरे, माझा थांबा गेला!"

वेर्नरला ऐकूच आलं नाही. आणखी दोन थांबे गेले. बस मार्ग सोडून डावीकडे वळली आणि इस्पितळाच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली. वेर्नरने दार उघडलं आणि वाट बघत बसला. कुणी उतरेना. बाई काठी टेकत पुढे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "इथे कुणाला उतरायचंय, बाळा?"

वेर्नरने चाकावर डोकं टेकलं.

बाईंनीच डेपोला फोन केला. कर्स्टन स्वतः आली, दुसऱ्या चालकाला घेऊन. किल्ली काढून घेत ती म्हणाली, "तुला कामावरून काढत नाहीये, नीट ऐक. पण आत्ता तुला बस देणार नाही. चल, डॉक्टरकडे सोडते."

डॉक्टर तरुण होती, सिग्नेच्या वयाची. वेर्नर म्हणाला, "झोपेची गोळी लिहून द्या, बाकी काही नको."

"रस्त्यावर असताना कधी वाटतं का, की आता नकोच हे?"

इतकं सरळ कुणी विचारेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने ट्रकचं सांगून टाकलं. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "मग आज तुम्ही एकटे घरी जायचं नाही. कुणाला बोलावू?"

त्याने सिग्नेचा नंबर सांगितला. "पण ती येणार नाही," तो म्हणाला.

सिग्ने दोन तासांत आली. दवाखान्यात तिने डॉक्टरचं सगळं ऐकून घेतलं, मग बापाला घरी आणलं, पावावर लोणी लावून त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "खा." त्याने दोन घास खाल्ले. मग ताटलीकडे बघत म्हणाला, "सिग्ने, त्या दिवशी आई मला म्हणाली होती, डोकं दुखतंय. मी म्हटलं, गोळी घे आणि पड. आणि गेलो. मी मारलं तिला."

त्याला वाटलं, आता ही उठेल आणि जाईल. पण ती बसूनच राहिली.

"मला तिचा फोन आला होता, बाबा. तू गेल्यावर. मी घाईत होते. म्हटलं, पाणी पी भरपूर, संध्याकाळी बोलू."

"तू बोलली नाहीस कधी."

"तू तरी कुठे बोललास?"

दोघंही रडली, अगदी मोठ्याने, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता. त्याने काही सुटलं असं नाही. बोडिल गेली ती गेलीच. पण त्या दिवसापासून ते वाक्य कानात आलं की तो सिग्नेला फोन करायचा आणि सांगायचा, "आलं पुन्हा." ती म्हणायची, "मलाही काल आलं होतं."

डॉक्टरने दर आठवड्याला बोलावलं. बिअर बंद, दिवसातून तीन वेळा बसून जेवायचं, रोज तासभर चालायचं. शिवाय बुधवारी दुपारी चर्चच्या सभागृहात जवळचं माणूस गमावलेल्यांचा गट जमायचा, तिथे जायचं. पहिल्या बुधवारी वेर्नर दहा मिनिटांत उठून बाहेर आला. मागोमाग होल्गर नावाचा म्हातारा आला. त्याने आयुष्यभर मासेमारीची जाळी विणलेली, मुलगा समुद्रात बुडून गेलेला.

"मलाही आत बसवत नाही," तो म्हणाला. "फ्योर्डपर्यंत चालतोस?"

ते खाडीच्या पाण्यापर्यंत चालले. होल्गर फारसा बोलत नसे, आणि सांत्वन तर अजिबात करत नसे. तिसऱ्या आठवड्यात वेर्नरने त्याला डोकेदुखीचं सांगितलं.

"मीही तेच म्हटलं असतं," होल्गर म्हणाला. "डोकं दुखलं तर दुसरं काय सांगतात?" आणि पुढे चालायला लागला.

जूनमध्ये आठ दिवस वेर्नर फक्त दार उघडण्यापुरता पलंगावरून उठला. होल्गर रोज येऊन दार वाजवायचा आणि ते उघडेपर्यंत हलायचा नाही.

डॉक्टरने परवानगी दिल्यावर ऑगस्टमध्ये त्याला अर्धी पाळी मिळाली. तिसऱ्याच दिवशी भर रस्त्यात त्याचे डोळे भरून आले, समोरचं दिसेना. त्याने धोक्याचे दिवे लावून बस कडेला घेतली आणि माइक उचलला.

"मंडळी, मला पाच मिनिटं लागतील. माफ करा."

मागे थोडी कुजबुज झाली. एकाने घड्याळ पाहिलं. एका बाईने पर्समधून रुमाल काढून मुकाट्याने पुढे दिला. वेर्नर खाली उतरला, बार्लीच्या शेताच्या कडेला उभं राहून रडला, नाक पुसलं आणि परत आत आला. सात मिनिटं झाली होती. त्याने दार मिटलं, आरसा नीट केला आणि बस रस्त्यावर आणली.