दोनदा ऐकणारा आमदार

कुठलाही कागद दोनदा ऐकल्याशिवाय आबा त्यावर सही करत नसत. माण तालुक्यातल्या आमच्या गावात, मारुतीच्या पारावर, कुणीतरी तो मोठ्यानं दोनदा वाचायचं. मग आबा मेंढरं राखणाऱ्या धुळामामाला विचारायचे, "काय कळलं, सांग." मामाला सांगता आलं तरच आबांच्या खिशातलं पेन बाहेर यायचं, नाहीतर कागद परत. आमदार झाल्यावरही त्यांनी हे सोडलं नाही. साहेबलोक उन्हात गाडीला टेकून ताटकळत.

आबांचं शिक्षण चौथीपर्यंत, जमीन सगळी कोरडवाहू, बाजरी-मटकीची. "गरिबाला काठीनं कोण लुटत न्हाई आता," ते म्हणायचे, "कागदानं लुटत्यात."

माझ्या वडिलांचा छोटा छापखाना होता. मी अक्षरं गिरवली तीही पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. आबांचं निवडणुकीचं पत्रक मीच लिहिलं. त्यात ठासून लिहिलं होतं, 'आबा विकले जाणार नाहीत!' ते ऐकून आबांनी मान हलवली. "उद्याचं मला काय ठावं, पोरी? 'पारावर ऐकल्याबिगर सही करणार न्हाई', एवढंच लिही. तेवढं माझ्या हातात हाय." मला ते फारच मिळमिळीत वाटलं. तरी छापलं, आणि त्या एका वाक्यावर लोकांनी मतं दिली.

दोन वर्षांनी सरकार डळमळलं, आणि आबांचा फोन बंद झाला. आमदारांना महाबळेश्वरच्या एका हॉटेलात नेऊन ठेवल्याचं टीव्हीवर कळलं. काचेवरून पाणी ओघळणाऱ्या गाडीत मला आबांची टोपी दिसली. तिकडे धो धो पाऊस आणि आमच्याकडे टँकरची वाट. पारासमोरचा चहावाला म्हणाला, "आबाला डोंगराची हवा मानवली जणू!" लोक हसले. मला हसू आलं नाही. तीन दिवस मी तोच नंबर लावत राहिले. घरात उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता, त्याच्याकडे बघवेना. आबा विकले गेलेच, तर त्यातल्या प्रत्येक पत्रकाखाली माझंही नाव होतं.

"आबा ऐकल्याबिगर सही करायचा न्हाई," एवढंच धुळामामा म्हणत राहिला. पण दर वेळी त्याचा आवाज बारीक होत गेला.

चौथ्या दिवशी आबा एसटीतून एकटेच उतरले. पारावर न चढता खालच्या पायरीवर बसले.

"सही केली म्या," ते म्हणाले.

लोक पायरीभोवती जमले. मग घडलं ते सांगू लागले. "पाठिंब्याचं पत्र हुतं. आपल्या पाण्याचं त्यात हाय म्हनले. म्या म्हटलं, परत वाचा. तवा समदी हसली. एक जण म्हणाला, 'आबा, इथं धुळामामा कुठून आणायचा?' लाज वाटली गड्या. दिली सही. मागनं कळलं, पाण्याचं एक अक्षर न्हवतं त्यात."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पत्रक काढ. माझ्या इरोधात."

मी तिथंच लिहायला बसले. पेन कागदातून आरपार जाईल इतका राग होता. तरीही एका ठिकाणी माझ्या हातून 'दबावाखाली' असा शब्द गेला. पहिल्याच वाचनाला आबांनी हात वर केला. "दबाव न्हवता. लाज हुती. खोड त्यो शबुद." मी खोडला आणि पुन्हा वाचलं. मग आबांनी सवयीनं विचारलं, "धुळा, काय कळलं?"

मामा बराच वेळ काठीनं माती उकरत राहिला. "आबानं आमाला इचारलं न्हाई," शेवटी तो म्हणाला.

"बराबर," आबा म्हणाले. खिशातलं पेन काढलं आणि त्या पत्रकाखाली सही केली.

पुढची निवडणूक ते हरले. गेल्या उन्हाळ्यात वारले. मी अजून पत्रकं लिहिते, अजून तापूनच लिहिते. छापण्याआधी ती पारावर दोनदा वाचते आणि मामाकडे बघते. तो काठीनं माती उकरू लागला की मी पेन उघडते आणि खोडायचा शब्द शोधू लागते.