पॉजदादा आणि दारातलं पिशाच्च

वीस मिनिटांचं कार्टून पाहायला पॉजदादांना दोन तास लागत. विनोद झाला रे झाला की त्यांचा अंगठा रिमोटवर पडायचा, चित्र थांबायचं आणि प्रश्न यायचा, "हं, कळला का?" नाव त्यावरूनच पडलं. स्टुटगार्टमध्ये आम्ही एका घरात राहायचो. ते मोटारींच्या कंपनीत इंजिनियर, मी नुकताच पीएचडीला आलेलो.

पहिल्या दिवशी मी दोन बॅगा घेऊन त्यांच्या उघड्या दारात नुसताच उभा राहिलो होतो. "जय भीम! अरे, ये ना आत. दार काय शोभेला उघडं ठेवलंय?" ते स्वयंपाकघरातून ओरडले, तेव्हा कुठे मी पाय उचलला.

तालुक्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर मी. न कळलेलं लपवायची सवय जुनी. प्रोफेसर काहीही म्हणाले तरी माझं आपलं "जा, गेनाऊ!" म्हणजे हो, अगदी बरोबर. इकडे प्रयोग अडलेला, आणि मला ठेवायचं की परत पाठवायचं हे नोव्हेंबरात ठरणार होतं.

त्याच्या आदल्या आठवड्यात हॅलोविन आला. दादा सकाळपासून हवेत! त्यांच्या लाडक्या मालिकेचा भुताखेतांचा खास भाग होता. दोन-दोन मिनिटांचे तुकडे, प्रत्येकात कुठल्या तरी सिनेमाची टवाळी. मी त्यातला एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. दादा हसले की हसायचो.

मध्येच बेल वाजली. दारात रंगवलेल्या तोंडांची तीन पोरं. "झ्यूसेस ओडर झाउरेस!" ती ओरडली. मी म्हणालो, "जा, गेनाऊ!" आणि दार लावून घेतलं.

दादांनी पॉज केलं. "काय म्हणाली पोरं?"

"कळलं नाही."

"मग गेनाऊ कशाला म्हणालास, गड्या?"

त्यांनी दार उघडलं. पोरं अजून तिथेच, थक्क होऊन उभी. दादांनी सरळ सांगितलं, "आम्हाला कळलं नाही. समजावून सांगा." त्यातल्या चिमुकल्या चेटकिणीने मोठ्या ऐटीत शिकवलं: गोड द्या, नाहीतर आंबट, म्हणजे आम्ही खोडी काढणार! दादांनी संत्रा बर्फी दिली, वर चिंचेच्या गोळ्याही. "दोन्ही घ्या!" चेटकिणीने तोंड वाकडं केलं आणि आणखी एक गोळी मागितली.

"पाहिलंस? विचारलं की सांगणाराही खूश होतो," दादा म्हणाले.

शेवटच्या तुकड्यात एक रक्तपिशाच्च बेल वाजवतं. बाई दार उघडून हसतमुखाने उभी राहते. ते बिचारं उंबऱ्याबाहेर ताटकळतं, सूर्य उगवतो आणि त्याची राख होते. मी सवयीने हसलो. दादांनी पॉज केलं. "हा मलाही नाही कळला. दार उघडं असून आत का जात नाही? कळेपर्यंत हसायचं नाही."

हॅलोविननंतरची सुट्टी संपताच मी प्रोफेसरांसमोर उभा राहिलो. "मला कळलं नाही." त्यांनी खडू उचलला आणि तासभर आनंदाने समजावलं. प्रयोग सुटला. मी राहिलो.

पुढच्या वर्षी दादा हॅम्बर्गला गेले. मग एका हॅलोविनला मी लॅबमधल्या मैत्रिणीला ते पिशाच्च का थांबलं, हे बेधडक विचारलं आणि लगेच फोन लावला.

"दादा, कळलं! घरातल्या कुणी 'ये' म्हटल्याशिवाय त्याला आत जाताच येत नाही!"

हॅम्बर्गहून हसण्याचा असा गडगडाट आला की मी फोन कानापासून लांब धरला.

"अरे," धाप लागलेले दादा म्हणाले, "म्हणजे दारात बॅगा घेऊन उभं होतं, ते पिशाच्च तूच की रे!"