खाऱ्या मातीचं ठिगळ

माझ्या अक्काचा डावा पाय लॉरीमुळे अधू झाला, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या लॉरीचा गंजलेला पत्रा मी वेल्डिंगला जाऊ दिला नाही म्हणून झाला, असंही सगळ्यांना ठाऊक आहे. यातलं पहिलं तेवढं खरं आहे.

पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी मी आणि दाजींनी, म्हणजे अक्काच्या नवऱ्यानं, हैदराबादेच्या लिलावात एक जुनी लष्करी लॉरी घेतली. पोरवयात मी लोकांची मेंढरं राखली, मग स्वतःची केली, मग बाजारात उभा राहिलो. भाव करण्यात मला कुणी हरवत नसे. खोटं कानावर पडलं की माझं डोकं फिरे, हेही बाजाराला माहीत होतं. दाजी लॉरी चालवत, मी माल ठरवी. पालमकडची मेंढरं भरायची आणि बाजारोबाजार न्यायची, असा धंदा बरा चालला होता.

पण मेंढराच्या मुताइतका लोखंडाचा वैरी नाही. मागचा हौदा फळ्यांचा, तो तगला. फळ्यांमधून झिरपलेलं उतारावर पुढं वाहत येई आणि केबिनच्या तळाशी मुरे. तिथल्या पत्र्याला पापुद्रे सुटले. ड्रायव्हरच्या शेजारी बसलं की पायाखालून रस्ता दिसायला लागला.

मी परभणीला वेल्डिंगच्या मिस्त्रीकडं गेलो.

"कापून नवा पत्रा घालावा लागंल," तो म्हणाला.

"नवा कशाला? जुन्यातला बरा तुकडा न्हाई का?"

"शेठ, ठिगळच लावायचं असंल तर शिंप्याकडं जावा."

मी तरातरा उठून रस्त्यावर आलो. त्यानं हाक मारली, मी परत बसलो. पुन्हा उठलो, पुन्हा बसलो. माझी भाव करायची रीतच ती होती. समोरच्या चहाच्या दुकानातली माणसं मजा बघत होती. शेवटी सौदा ठरला, मिस्त्रीनं हातावर हात दिला. बेस्तरवारी लॉरी आणून लावायची, असं दाजींना सांगून मी मेंढरं बघायला बोरीला गेलो.

परत आलो तर केबिनचा तळ काळा कुळकुळीत, कडेनं हिरवा रंग.

"झालं का काम?"

"झालं की," दाजी म्हणाले. "तुमच्या घरातली जमीन तरी अशी हाय का, पाव्हणं?"

मी हसलो. काम मिस्त्रीचंच, असं धरून चाललो.

श्रावणात पंचमीसाठी अक्काला माहेरी आणायचं होतं. ती केबिनमध्ये दाजींच्या शेजारी बसली, मी मागं मेंढरांत. ओढ्यातून वर चढताना लॉरीनं हिसका दिला. मेंढरं एकमेकांवर पडली आणि पुढून अक्काचा आवाज आला. तोल सावरायला तिनं पाय रोवला होता, तो तळातून गुडघ्यापर्यंत खाली गेला. लॉरी थांबेपर्यंत तो दगडांवर आपटत गेला.

मी लॉरीखाली शिरून तिचा पाय मोकळा केला. हाताला लागलं ते रॉकेलच्या डब्याचं ठोकून सपाट केलेलं पान, गोणपाटाच्या चिंध्या आणि पांढऱ्या मातीची ओली ढेकळं. ती माती मी ओळखली. पावसाळ्याआधी आमच्याकडं माळवदाच्या सपाट छपरावर खारी माती पसरतात. पाणी लागलं की ती फुगते आणि भेगा बुजतात. दाजींचं माळवद कधी गळलं नव्हतं, त्याचा त्यांना मोठा अभिमान. घर राखणारी माती लॉरीही राखील, असं त्यांना वाटलं असणार. भोकात त्यांनी ती दाबून भरली, वर पत्रा, वर डांबर. मातीतल्या खारानं ओल धरून ठेवली आणि उरलासुरला पत्राही खाल्ला.

परभणीच्या दवाखान्यात पाय वाचला, पण घोटा वाकडा जुळला. व्हरांड्यात भावकी जमली. कुणीतरी विचारलं, हे झालं कसं?

दाजी खाली बघत म्हणाले, "मी म्हणत होतो वेल्डिंग करू. ह्यांनी भाव पाडायच्या नादात मिस्त्रीला पळवून लावलं. मग मलाच हातानं करावं लागलं."

मी त्यांची गचांडी धरली. चौघांनी मला मागं ओढलं. मला उठून रस्त्यावर येताना त्यातल्या एकानं चहाच्या दुकानातून पाहिलं होतं. त्यानं तसं सांगितलंही. त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही.

मी मिस्त्रीकडं गेलो. सौदा ठरला होता, लॉरी आलीच नाही, हे तो चार माणसांत सांगायला तयार झाला. मी आनंदानं अक्काला सांगायला तिच्या घरी गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती, पाय उशीवर.

"नको आणूस त्याला," ती म्हणाली.

"तुला माहीत हाय ना खरं काय ते?"

"मीच माती भिजवून दिली की. मला काय कळतंय लोखंडातलं?"

"मग बोल ना तू."

"मिस्त्री आला तर ह्यांचं तोंड उतरंल. त्या तोंडाम्होरं मला रोज ताट वाढायचंय, बाबा. तू निघून जाशील तुझ्या घरी."

"अन् माझं नाव?"

"तुला लोक लय चेंगट म्हणतेत. ते तर आधीबी म्हणायचे." ती हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. "माझ्यासाठी सोड एवढं."

मी मिस्त्रीला येऊ नको म्हणून कळवलं. लॉरी भंगारात दिली, दाजींशी भागी मोडली. सोनपेठच्या बाजारात एकदा एका गिऱ्हाइकाशी माझं जुळेना, तर तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सोडा हो, ह्यानं बहिणीच्या पायाचाबी भाव केला." मी मेंढरं त्याला त्याच्या भावात दिली आणि बाजारातून निघालो.

आमच्या घराची वाट दगडांची, म्हणून अक्काचं माहेरी येणं संपलं. भाऊबिजेला मीच जातो. परवाच्या दिवाळीतही गेलो. ओसरीवर नवे पाहुणे होते. दाजींनी त्यांना पायाची हकिकत सांगितली, आता ती त्यांना पाठ झाली आहे. अक्का दाराची चौकट धरून आडवी आडवी पायरी उतरली. तिनं चहा माझ्यापुढं ठेवला आणि मी बोलतो की काय म्हणून तिथंच उभी राहिली.

मी कप उचलला. तो रिकामा होईपर्यंत ती आत गेली नाही.