मुंबईची भर

आमच्या गल्लीतले सर धुळ्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे आणि मुंबई कशी वाढली यावर वर्षानुवर्षं प्रबंध लिहायचे. आग्रा रोडवरून कापसाच्या गाठींचा ट्रक गेला, की फिरायला निघालेले सर थबकत, चष्मा वर सारत आणि म्हणत, "चालली बघा मुंबईची भर!" पण कापूस, पैसा हे सगळं मागाहून, खेड्यापाड्यांनी आपली पोरं दिली म्हणून मुंबई झाली, हा त्यांचा सिद्धांत. पोरांना अडवून धरणाऱ्या आईबापांना ते सरळ अडाणी म्हणत.

मग त्यांच्याच मुलीला मुंबईत बँकेची नोकरी लागली. तिला पोचवायला स्टँडवर मीही गेलो होतो. कंडक्टरनं घंटी मारली, तरी सरांनी तिची बॅग पोटाशी धरलेलीच. "आबा, द्या ना," म्हणत तिनं दारातून वाकून ती ओढून घेतली. एसटी हलली.

मी आपला गमतीनं म्हणालो, "सर, चालली मुंबईची भर!"

एरवी छापील मराठी बोलणारे सर एकदम अहिराणीवर आले.

"भाऊ, मुंबई वाढनी तितली पुरे आते."