रुखसानाचं रान

रुखसानाला मी पहिल्यांदा पाहिलं ते एका बकरीशी भांडताना. रोहिणखेडच्या माळावर गुडघे टेकून ती गवत निरखत होती आणि तेवढ्यात तिने कापून ठेवलेली जुडी बकरीने फस्त केली होती. "तुले सोडते का मी!" म्हणत ती मागे धावली. बकरी सुटली, पण मालक सापडला. त्याला तिने तिथेच बसवून तेवढं गवत पुन्हा कापायला लावलं. आम्ही दोघी एम.एस्सी. करून पर्यावरणशास्त्रात नुकत्याच संशोधनाला लागलो होतो. ही मुलगी काही सोडून देणारी नाही, हे मला त्याच दिवशी कळलं.

तिचा विषय साधा होता. माळ चरू दिला तर कोणतं गवत टिकतं आणि राखला तर कोणतं परत येतं. त्यासाठी तिने माळावर चौकोन आखले होते आणि उन्हातान्हात ती तिथेच असायची. आमचे गाईड सर मात्र एकदाही तिकडे फिरकले नाहीत. "सर काऊन येत नाई वं?" मी विचारलं, तर म्हणाली, "त्याहिले कुसळं टोचते."

आणि याच सरांनी तिचं सगळं काम स्वतःच्या आणि जावयाच्या नावावर छापून टाकलं. चौकोन आपणच आखले, असंही लिहिलं. आता तिने प्रबंध दिला असता तर तीच चोर ठरली असती. पीएच.डी. गेल्यातच जमा होती. मी रडले, ती रडली नाही. पाण्यात राहून माशाशी वैर धरू नये, असं सगळ्यांनी समजावलं. रुखसाना म्हणाली, "मंग मासाच पान्याबाहेर काढू."

तिने विद्यापीठाकडे तक्रार केली आणि एकच मागणी लावून धरली. चौकशी समितीने माळावर यावं आणि सरांनी आपले चौकोन स्वतः दाखवावेत. सर हसत हसत तयार झाले. गवतच ते, कुठेही बोट दाखवलं की झालं, असं त्यांना वाटलं असावं.

त्या चौकोनांची एक गंमत होती. राखलेल्या चौकोनांचे कोपरे उंच गवतात दिसावेत म्हणून तिथल्या दगडांना तिने शेंदरी रंग फासला होता. बघता बघता कुणी नारळ फोडला, कुणी झेंडू वाहिला, आणि गुराखी आपणहून तिथे गुरं घालेनासे झाले. "मी मुसलमानाची पोरगी, अन् माह्या दगडाले नारळ फुटून राह्यले," असं सांगताना तिला हसू आवरत नसे. दगड रुखसानाने मांडलेत हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, तरी शेंदूर दिसला की हात जुळायचेच. सरांना कुठून ठाऊक असणार?

समिती आली. रुखसाना अदबीने म्हणाली, "सर, तुमी पुढं व्हा." सर पुढे झाले. शेंदरी दगडाजवळ पोचताच त्यांनी बूट काढले, हात जोडले आणि वळून समितीला म्हणाले, "जागृत देवस्थान दिसतंय. आपले प्लॉट जरा पुढे आहेत." याहून गोड वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही. तिने त्यांना खुशाल नाल्यापर्यंत चालू दिलं. पुढे जायला जागाच उरली नाही तेव्हा म्हणाली, "सर, ज्याच्या पाया पडले ना तुमी, तोच प्लॉटचा कोपरा होता." समितीतल्या एका बाईंनी हसू दाबायला पदर तोंडाला लावला. मी तेवढीही तसदी घेतली नाही.

सरांना लेख मागे घ्यावा लागला. रुखसानाला दुसरे गाईड मिळाले, पुढे पदवीही मिळाली. निवृत्त होण्याआधी सर एकदा तिच्या घरी आले आणि झालं गेलं विसरून जा म्हणाले. तिने कप पुढे केला. "चाय घ्या सर. घरी आलेल्याले चाय भेटते. माफी भेटत नाई." तिने मोठ्या मनाने माफ करायला हवं होतं, असं लोक मला अजून ऐकवतात. ज्यांचं काही चोरीला गेलेलं नसतं, त्यांची मनं मोठीच असतात.

गेल्या वर्षी सर वारले. शोकसभेत एका वक्त्याने त्यांच्या माळरानावरच्या मूलभूत संशोधनाचा गौरव केला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, म्हणून खरं जाणणारे सगळे माना खाली घालून बसले. रुखसाना उठली. डोक्यावरची ओढणी तिने नीट केली.

"सर शिकवाचे चांगले," ती म्हणाली. "पन रान माह्यं होतं. अल्ला त्याहिले माफ करो. मी नाई केलं."