बोईसरच्या मैदानात बसून राहिलेले देव

माकुणसारहून पालघरची पहिली एसटी येते तेव्हा वाडीत पानवेलींना पाणी घालायची वेळ असते. त्या दिवशी पाणी तसंच ठेवलं आणि गाडी धरली. बरोबर माझी धाकटी जाऊ चांगुणा होती. ती दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हती. आम्ही एकाच बाकावर बसलो, पण मध्ये नारळाची पिशवी ठेवली.

आम्ही दोघी धवला गातो. धवला म्हणजे लग्नात आमच्याकडे बायका म्हणतात ते गाणं. मी ओळ टाकते, चांगुणा ती झेलते (मागून उचलून म्हणते). सुरुवातीला देवांना मांडवात बोलावून बसवायचं, नवरा-नवरीची नावं सांगायची, आणि शेवटच्या कडव्यात पुन्हा नावं घेऊन देवांना उठवायचं. शेवटच्या कडव्यात ज्यांची नावं, लग्न त्यांचं. मध्ये थांबायचं नाही. भांडण झालं, जेवण करपलं, नवरदेव रुसून बसला, तरी थांबायचं नाही.

आम्ही एकदा थांबलो. बोईसरला काही हौशी मंडळींनी गाण्यांचा मोठा जलसा ठेवला होता. मुंबईचा ऑर्केस्ट्रा यायचा होता, तो वेळेवर आला नाही, म्हणून आम्हाला वर चढवलं. सूत्रसंचालन करायला प्रकाश नावाचा एक तेल चोपडलेला माणूस होता. मी त्याला म्हटलं, "नवरा-नवरीची नावं सांगा, त्याबिगर धवला सुरू होत नाय." त्याला वाटलं, म्हातारी गंमत करते. शेजारी चांगुणाची मुलगी कुंदा आरतीचं ताट धरून उभी होती. तिला नाव विचारून तो माईकवर म्हणाला, "नवरा प्रकाश, नवरी कुंदा! लावा आमचंच!"

सगळं मैदान हसलं. मी लावलं. मला नावं दिली, मी गायले.

धवला अर्ध्यावर आला आणि जनरेटर बंद पडला. अंधारात खुर्च्या उडायला लागल्या. लोकांनी तिकिटं ऑर्केस्ट्रासाठी काढली होती, दोन म्हाताऱ्यांसाठी नाही. आम्हाला दंडाला धरून खाली उतरवलं. प्रकाश त्या अंधारात जो गेला तो गेलाच.

मग कुंदाला स्थळं यायला लागली. केळव्याचे पाहुणे आले, पोहे खाल्ले, पुन्हा घेतले, आणि निघताना म्हणाले, "मुलगी चांगली हाय, पन तिचं अर्धं लागलंय नां?" दुसरे आले, तेही तेच बोलले. कुंदा पालघरला शिवणकाम करते, तोंडाने फटकळ आहे. ती म्हणायची, "काकी, अर्ध्या नवऱ्याला भाकऱ्या किती थापायच्या?" पण तिसरं स्थळ तसंच गेलं तेव्हा तिने मान वर केली नाही. मशीन चालवत राहिली. चांगुणा म्हणते चूक माझी. मी तसं म्हणत नाही.

अशात मुंबईहून नंदिनी नावाची बाई गावात आली. तो जलसा का बुडाला यावर ती माहितीपट काढत होती. तुम्ही कॅमेऱ्यासमोर बोला, म्हणाली. मी म्हटलं, बोलेन, पण त्याच मैदानात, आणि आधी माझं राहिलेलं गाणं पुरं करीन. देव जिथं बसवले तिथूनच उठवायचे असतात. देवांचं मला फारसं कळत नाही. दोन वर्षं एका मैदानात ताटकळत बसायला ते इतके रिकामटेकडे नसावेत. पण लोकांची तोंडं मला कळतात. ज्यांनी अर्धं ऐकलं त्यांना उरलेलं दाखवायला हवं होतं. झेलणारीशिवाय धवला होत नाही, म्हणून चांगुणाला निरोप धाडला. ती नारळ घेऊन स्टॅंडवर येऊन उभी राहिली. तोंड फिरवून, पण आली.

पालघरला गाडी बदलायची होती. हॉटेलात बटाटवडा मागवला. चांगुणा वेटरला म्हणाली, "ह्या बाईंना इचार, चा पायजे काय."

मी वेटरला म्हटलं, "त्यांना सांग, पायजे. साखर कमी."

तो बिचारा दोघींकडे बघत राहिला. वडा कालचा होता. ते मात्र आम्ही दोघींनी एकदमच सांगितलं.

बोईसरची गाडी सुटली. आधी भाताची खाचरं, कापणी झालेली, त्यात बगळे. मग ताडाची झाडं, गवताच्या गंजी. मग एकाएकी धुराडी सुरू झाली. वास असा की चांगुणाने पदर नाकाला लावला. एका मोरीखालून पाणी हळदीच्या रंगाचं वाहत होतं, पुढच्या मोरीखालून निळं. आमच्याकडे साड्या रंगवायला पैसे पडतात, इथे ओढे फुकटात रंगवून मिळतात.

नंदिनी स्टॅंडवर जीप घेऊन आली होती. आधी जेवू या म्हणाली. खानावळीत डाळ, भात आणि बटाटा. मालक बिहारकडचा. चांगुणाने त्याला विचारलं, "मच्छी नाय?"

"माताजी, आज शनिवार है."

"समुद्राला शनिवार कधीपासून लागला?" चांगुणा म्हणाली. त्याला समजलं नाही ते बरं झालं.

मैदानाला आता तारेचं कुंपण होतं. आत कुठल्यातरी कारखान्याचे निळे ड्रम रचून ठेवले होते, माणसाच्या उंचीचे, रांगाच्या रांगा. राखणदार काठी घेऊन पुढे आला.

"माताजी, इधर गाना-बजाना मना है."

"आमी गायला नाय आलो," मी म्हटलं. "पाहुणे न्यायला आलोय."

नंदिनीने त्याला परवानगीचा कागद दाखवला. तो त्याने उलटा धरून वाचला आणि फाटक उघडलं.

स्टेज कुठे होतं हेच समजेना. मी ड्रमांच्या दुसऱ्या रांगेकडे निघाले. मागून आवाज आला, "तिथं कुठं मरायला? भेंडीच्या झाडाकडे होतं!"

दोन वर्षांनी ती थेट माझ्याशी बोलली. मी म्हटलं, "भेंडीकडे मुतारी होती, चांगुणे."

"मुतारी पलीकडे! तुला तेवाही दिसत नव्हतं, आताही दिसत नाय!"

बरोबर तिचंच निघालं. भेंडीखाली स्टेजच्या खांबाचा खड्डा अजून होता. तिथेही ड्रम होतेच. राखणदाराने दोन हलवून जागा करून दिली. कॅमेरावाला दाढीवाला होता, एक शब्द बोलत नव्हता. मला आवडला.

नंदिनी म्हणाली, "आजी, गाण्याआधी थोडं सांगा ना. दिवे गेले तेव्हा तुम्हाला काय दिसलं?"

"अंधारात काय दिसणार, बाई?"

"म्हणजे, काय वाटलं?"

"खुर्ची वाटली. पाठीला लागली."

तिला मी रडायला हवं होतं. मग मी पदर खोचला, तांदूळ काढले, चांगुणाने नारळ पुढे ठेवला. आणि तिथेच ती अडली.

"शेवटी नावं कोनाची घेनार?"

हा खरा पेच होता. प्रकाश-कुंदा म्हटलं तर पोरीचं लग्न त्या तेलकटाशी कायमचं लागलं. नावं घेतलीच नाहीत तर देव उठत नाहीत. कुणा अनोळखी पोरापोरींची घेतली तर आणखी दोन घरं पोहे करत बसणार. मी वाटेत सगळा विचार करून ठेवला होता, पण तिला सांगितला नव्हता. सांगितला असता तर ती पालघरलाच उतरली असती.

"ज्यांचं लागून चुकलंय त्यांचीच घ्यायची," मी म्हटलं. "कुनाचं वाकडं होत नाय. तुजं नि दामूभावजींचं."

चांगुणा साठीला आलेली. कानापर्यंत लाल झाली. "मेले, पुन्ना त्यालाच? एकदा भोगलं ते पुरं नाय झालं?"

"तुज्या पोरीसाठी."

"तूजं घे की मग!"

"माजा नवरा मेलाय. त्याला कशाला आता त्रास?"

चांगुणाने ड्रमांकडे बघितलं, राखणदाराकडे बघितलं, मग डोक्यावर पदर घेतला. नवरीसारखा पुढे ओढून. "घे," म्हणाली, "पन हुंडा मागू नको."

मी राहिलेलं कडवं उचललं. दोन वर्षांनी पहिली ओळ जरा कोरडी निघाली. चांगुणाने ती झेलली आणि मग आवाज आपोआप लागला. मध्येच पाळी सुटल्याचा भोंगा झाला. नंदिनीने थांबा म्हणून हात केला. आम्ही कशाला थांबतो? भोंगा थांबला, आम्ही नाही. कामगार डबे घेऊन बाहेर पडत होते, ते कुंपणाला लागून उभे राहिले. शेवटचं कडवं आलं तेव्हा मी आवाज चढवला:

"नवरी चांगुणा, नवरा गं दामू,
उठा देवांनो, वाटेला लागू."

नारळ फोडायला दगड नव्हता, राखणदाराने वीट दिली. खोबरं वाटलं. एका कामगाराने विचारलं, "किसकी शादी है, माताजी?" मी चांगुणाकडे बोट दाखवलं. तो हात जोडून "बधाई हो" म्हणाला आणि चांगुणा त्याला खोबऱ्याचा दुसरा तुकडा देऊन बसली.

परतीच्या गाडीत नारळाची पिशवी रिकामी होती, म्हणून मध्ये काही ठेवलं नाही. ती वाणगावच्या मिरचीपासून नंदिनीच्या पॅंटपर्यंत सगळ्यावर बोलली. दोन वर्षांचं साठलेलं होतं. केळव्यापर्यंत मला तिचं न बोलणं आठवायला लागलं.

दामूभावजी दारातच बसले होते. "सकाळधरनं कुठं गेलेल्या?"

"लग्नाला," चांगुणा म्हणाली.

"कोनाच्या?"

"तुमच्याच. नवरीला जेवायला काय ठेवलंय?"

माहितीपट पुढे पालघरच्या हॉलमध्ये दाखवला. सगळी गावं आली होती. बराच वेळ त्यात शर्ट इन केलेले लोक एकमेकांवर दोष ढकलत होते. मग आम्ही आलो. नंदिनीने माझं गाणं मधून कापलं, ते मी तिला तोंडावर सांगितलं. पण शेवटचं कडवं पुरं ठेवलं, आणि चांगुणाचं "पुन्ना त्यालाच?" तर हॉल डोक्यावर घेण्याइतकं गाजलं. त्या दिवसापासून दामूभावजींना नाक्यावर नवरदेव म्हणतात. कुंदाच्या अर्ध्या लग्नाचं कुणी बोलेनासं झालं. लोकांना चघळायला ताजं मिळालं होतं.

केळव्याचे तेच पाहुणे पुन्हा आले. त्यांची म्हातारी आत शिरतानाच म्हणाली, "पिच्चरमधली नवरी कंची? बघू दे." चांगुणाला बघितलं, पोट धरून हसली आणि म्हणाली, "फोडा सुपारी." कुंदाने मुलाला बाजूला बोलावून काय विचारलं ते तिचं तिला माहीत. बाहेर आली आणि हो म्हणाली. पोहे मात्र केले नाहीत.

बोईसरला जाऊन काय मिळालं, असं लोक विचारतात. रंगीत पाणी बघितलं, शिळा वडा खाल्ला, जाऊ परत मिळाली. तिसऱ्याची गरज होतीच असं नाही.

कुंदाच्या मांडवात मी नावं विचारली. नवऱ्यामुलाने आपलं नाव इतक्या जोरात सांगितलं की वाजंत्रीवाले थांबले. धवला अर्ध्यावर आला आणि वीज गेली. कुणी जागचं हललं नाही. अंधारात चांगुणाने माझ्या मनगटाला धरलं आणि म्हणाली, "थांबू नको."

मी थांबलेच नव्हते. ओळ टाकून झाली होती, तिनेच झेलायची बाकी होती.